पुलावर थांबलेला ठिपका

घाटातल्या गाडीच्या दाराचे खिसे कधी झाडून बघितलेत का? अर्धं चोखलेलं लिंबू, ओकारीच्या पिशव्या, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, आवळासुपारीची पुडी, कुणाच्या तरी लेकराचा एकच मोजा. मुद्दाम कुणी काही ठेवत नाही, पण महिन्याभरात खिसा फुगतोच! आमच्या गाडीचे किस्से तसेच साठत गेले. मला शाळा नाही, अक्षर नाही, पण डोक्यातला खिसा अजून फाटलेला नाही. मी सांगते, घरातलं कुणीतरी लिहून घेतं.

गाडी एकच, पांढरी, उंच. कोयनानगरच्या वरच्या अंगाला आमची वाडी, खाली उतरायला नऊ वळणं. दवाखाना म्हटलं की थेट कराड. त्यामुळं गाडी आमची असली तरी काळजी सगळ्या वाडीची.

*

गाडी घेतली माझ्या विलासनं. तो फौजेत, लांब वर बर्फात. पेशंटची ने-आण करायची म्हणून ड्रायव्हर ठेवला. दोन महिन्यांत तीन ड्रायव्हर पळाले. वाडीत करमत नाही म्हणाले!

तेव्हा माझी सून शैला म्हणाली, "आत्ती, मी चालवते की."

शैला तासगावची. बापाच्या द्राक्षबागेत दोन ओळींच्या मधनं औषध फवारायचा ट्रॅक्टर काढायची. एक मणी पडला तरी बाप ओरडायचा, म्हणून हात असा पक्का झालेला.

पण आमचे आबा भावजी आडवे आले. माझे धाकटे दीर, फौजेतनं हवालदार म्हणून रिटायर झालेले. घरात अजून त्यांचीच ऑर्डर चालते. म्हणाले, "पोरी, घाट म्हंजे द्राक्षाची बाग न्हवं!"

शैला खाली मान घालून म्हणाली, "व्हय मामा. बागंत दोन्ही बाजूला तारा असत्यात. घाटात एकाच बाजूला दरी हाय. निम्मं काम कमी."

तरी भावजी हो म्हणाले नाहीत.

मग शोरूमचा माणूस आठवला मला. गाडी देताना म्हणाला होता, "आजी, ही साधी गाडी नाही. हिच्या पोटात मोबाईलसारखं कार्ड बसवलंय. गाडी कुठं आहे ते तुम्हाला घरबसल्या फोनवर दिसतं. काही झालं तर छताजवळचं हे लाल बटण दाबायचं. आमची माणसं लगेच बोलतात, मदत पाठवतात."

मी विचारलं होतं, "किती दिस?"

"गाडी आहे तोवर, आजी!"

त्याच्या त्या वाक्यावर मी भावजींना शब्द दिला. "बटण हाय तवर शैला चालवंल. बटण बंद पडलं, तर चावी तुमच्या हातात."

दुसऱ्याच्या तोंडावर आपला शब्द कधी बांधू नये म्हणतात. पण त्या पोराचा टाय किती सरळ होता बघा!

*

फोनवर गाडीचा निळा ठिपका दिसायचा. मला अक्षर येत नाही, पण ठिपका वाचता यायला लागला. शैला निघाली की मी तांदूळ धुवायची. भाताला आधण आलं की ठिपका नववं वळण उतरून फाट्यावर. भात शिजला की हेळवाक. मी दोन घास खाऊन भांडी घासली की पाटण. कराडचा दवाखाना म्हंजे माझी दुपारची डुलकी!

तिकडं बर्फात विलासही रेंज मिळाली की तोच ठिपका बघायचा. फोन करून पहिलं वाक्य हे, "आई, शैला पाटणला पोचली बघ." माझ्याआधी त्याला कळायचं! सातशे कोसांवर बसून तो बायकोबरोबर घाट उतरायचा.

भावजीही ठिपक्यावर नजर ठेवायला लागले. एक दिवस त्यांनी पकडलंच. "वयनी, परतताना ठिपका पाटणच्या म्होरं एका जागी अर्धा तास उभा ऱ्हातो. रोज! तिथं हाय काय?"

मी म्हटलं, "पेशंटला मळमळत आसंल."

"आज पेशंटच न्हवता गाडीत."

दुसऱ्या दिवशी भावजी मोटारसायकल काढून निघाले. मी देवापुढं दिवा लावला. काय बघून येतील कुणास ठाऊक!

दोन तासांनी परत आले. हातात वडापावचा पुडा, माझ्यासाठी. शैला तिथं झाडाखाली गाडी लावून, काचा खाली करून एकटीच वडापाव खात बसली होती. भावजींनी विचारलं, "हितं का बसतीस गं?"

ती म्हणाली, "मामा, घरात कुणी हाक न मारता अर्धा तास बसायला मिळत आसंल तर सांगा. आत्ता घरी येऊन बसते."

*

कोयनेत धरणी हलते, हे आम्हाला नवं नाही. बारका धक्का बसला तर आम्ही दुधाचं पातेलं धरतो, मोठा बसला तर पातेलं घेऊन बाहेर येतो.

एकदा सकाळी असाच एक बसला. मांडणीवरची ताटं वाजली, कोंबड्या ओरडल्या, मी पातेलं धरलं. तेवढ्यात फोन वाजला. लांबनं कुठनं तरी एक पोरगी, आवाज साखरेसारखा.

"नमस्कार मॅडम, तुमच्या गाडीकडून आम्हाला इशारा आला आहे. तुमची उभी गाडी कुणीतरी हलवतंय. चोर असू शकतो."

मी म्हटलं, "बाई, चोर न्हवं. भूकंप हाय."

पोरगी म्हणाली, "मॅडम, गाडीजवळ कुणी दिसतंय का?"

"गाडीजवळ न्हाई, गाडीखाली हाय! आख्खं कोयनानगर हलवतोय त्यो!"

पलीकडं कागदांची सळसळ झाली. मग ती लय गंभीर आवाजात म्हणाली, "मॅडम, मग ही तक्रार 'चोरीचा प्रयत्न' म्हणून नोंदवू, की 'इतर'?"

आम्ही हसलो, पण खरं सांगते, बरं वाटलं. आमची जमीन हलली, तर लांबच्या कुणाला तरी कळतंय!

*

मग तो मंगळवार आला.

आमच्या वाडीत शंकरतात्या म्हणून आहेत. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं गेलीत. मंगळवारी आणि शुक्रवारी कराडला मशीनवर रक्त धुवायला न्यावं लागतं. एक खेप चुकली की अंग सुजतं, दुसरी चुकली की श्वास लागतो. त्या दिवशी शैला त्यांना घेऊन गेली आणि परतीच्या वाटेला लागली. मी ज्वारी निवडत ठिपका बघत होते.

ठिपका पाटणच्या अलीकडच्या पुलावर आला आणि थांबला.

एक पायली निवडून झाली. ठिपका पुलावरच. मी फोन लावला, लागेना. तसा घाटात तिचा फोन लागत नाहीच, आणि लागला तरी गाडी चालवताना ती उचलत नाही. दुसरी पायली घेतली. खडे सुपात टाकतेय की ज्वारी, मला कळेना.

तेवढ्यात विलासचा फोन. "आई, शैला पुलावर का थांबली?"

"च्या पीत आसंल."

"पुलावर च्या कुठनं आला, आई?"

माझ्या हातातलं सूप खाली गेलं.

शेजारी सलीम मुल्ला राहतात. तासगावचा बेदाणा घेऊन खाली कोकणात विकतात. आमच्यासारखीच गाडी, त्याच शोरूममधली. मी त्यांच्या दारात गेले तर त्यांची बायको जुबेदा हातात फोन धरून रडतेय! "काकू, आमचे हे बी तासगावात अडकल्यात! सकाळधरनं ठिपका हलंना!"

आणि सलीम तिच्या समोर बसून चहा पितायत.

मी म्हटलं, "आगं, ह्ये काय हितं बसल्यात की!"

जुबेदानं नवऱ्याकडं बघितलं, फोनकडं बघितलं, परत नवऱ्याकडं बघितलं. "ते दिसत्यात काकू. पर फोनात अजून तासगावातच हायत. खरं कुणाचं धरायचं?"

सलीम ओरडले, "माझं धर की!"

तरी ती फोनच बघत होती!

सलीम म्हणाले, "काकू, ठिपकाच मेला आसंल." पण ठिपका मेला की माणूस, हे माझ्या पोटाला कोण सांगणार? निम्मी वाडी आमच्या अंगणात गोळा झाली. भावजी बूट घालून उभे राहिले. 

दिवस मावळायच्या आत गाडी अंगणात आली. शैला खाली उतरली, तात्यांना हात दिला, एवढी माणसं बघून तिचा चेहरा पांढरा पडला. डोक्यावर पदर घेत हळूच म्हणाली, "आत्ती, कोण गेलं?"

सगळ्यांनी आधी तिच्या पायांकडं बघितलं. शेवटी जुबेदा म्हणाली, "तू."

*

दोन दिवसांनी आम्ही शोरूमला गेलो. मी, शैला आणि सलीम. यावेळचं पोरगं दुसरं, टाय तोच.

त्यानं गाडीला वायर लावली, स्क्रीन बघितला. "आजी, गाडीला काही झालेलं नाही. इंजिन एक नंबर आहे."

"मग बोलत का न्हाई?"

"गाडीतलं कार्ड जुन्या नेटवर्कचं आहे. मोबाईल कंपनीनं ते जुनं नेटवर्क बंद केलं. नवं नेटवर्क या कार्डाला पकडता येत नाही."

सलीम म्हणाले, "मग कार्ड बदल."

"ते आतच जोडलेलं असतं. बदलता येत नाही."

"आख्खा डबा बदल की."

"या मॉडेलला नवा डबा येत नाही. नवं मॉडेल घेतलं तर..."

शैला म्हणाली, "गाडीचा हप्ता अजून चालू हाय, साहेब."

तो म्हणाला, "आमच्या हातात काही नाही. तुम्ही मोबाईल कंपनीला विचारा."

मोबाईल कंपनीचं दुकान त्याच रस्त्याला. गेलो. तिथला म्हणाला, "आम्ही गाड्या विकत नाही. गाडीवाल्यांना विचारा." परत शोरूम. माझे गुडघे बोलायला लागले.

मी त्या पोराला म्हटलं, "बाळा, ह्यो सलीम हाय न्हवं, ह्यानं आमच्या विलासचं लगीन जुळवलं. तासगावला बेदाणा आणायला गेला आनि सून बघून आला. उद्या शैलाच्या म्हायेरात काय झालं, तर आमी सलीमच्या दारात जातो. त्यो म्हनत न्हाई, मला काय ठावं, तासगावाला इचारा. मधला माणूस त्यो. मग तुमचं आनि मोबाईलवाल्याचं जुळवलं कुनी? आमी तर त्याचं तोंडबी बघितलं न्हवतं!"

पोरगं मॅनेजरला घेऊन आलं. मॅनेजर म्हणाला, "आजी, आम्ही कळवलं होतं. गाडीच्या स्क्रीनवर मेसेज पाठवला होता. तुमच्याकडून 'ठीक आहे' असं बटण दाबलं गेलंय."

शैला म्हणाली, "साहेब, त्यो मेसेज चौथ्या वळणावर आला. इंग्रजीत. आख्खा स्क्रीन झाकला, मागचं दिसंना. मागं तात्या वकत हुते. मी ठीक न दाबून काय करू? दरीत बसून वाचू?"

"पण संमती तर झाली ना मॅडम."

मग म्हणाला, "फोनवरनं लोकेशन लावा." शैलानं सांगितलं, की आमच्या नऊ वळणांत फोनला रेंज नसते. गाडीच्या टपावरची दांडी तेवढी पकडायची.

मी उठले, गाडीत जाऊन बसले आणि छताजवळचं बटण दाबलं. लाल दिवा लागला, पहिल्यासारखाच. आम्ही सगळे वाट बघत उभे. आवाज नाही, काही नाही. दिवा मात्र झगझगीत!

"ह्यो कशाला लागतोय मग?"

मॅनेजर म्हणाला, "तो बॅटरीवर लागतो, आजी."

"खोटं बोलतोय त्यो. आडलेली बाई दाबंल, दिवा बघून वाट बघत बसंल. निदान त्यो तरी विझवा!"

मॅनेजरनं त्या पोराकडं बघितलं. पोरानं वायरीकडं बघितलं. मग मॅनेजर खाली बघत म्हणाला, "आजी, दिवा बंद करायची सोय कंपनीनं दिलेली नाही."

*

महिन्याभरानं त्याच साखरेसारख्या पोरीचा फोन आला. मला केवढा आनंद झाला! म्हटलं, झालं सुरू.

"नमस्कार मॅडम, तुमच्या गाडीच्या सुरक्षा सेवेचा प्लॅन संपत आलाय. नूतनीकरण करणार का?"

"बाई, सेवा सुरू झाली व्हय?"

"नूतनीकरण केल्यावर सुरू राहील, मॅडम."

"पर ती बंद हाय की! ठिपका पुलावर मरून पडलाय!"

तिनं बघितलं. "हो मॅडम, तुमच्या गाडीसाठी ती आता उपलब्ध नाही."

"मग नूतनीकरण कशाचं?"

"प्लॅनचं, मॅडम."

मी म्हटलं, "बाई, तुज्या घरी आई हाय का?"

ती एकदम मराठीत आली, म्हंजे आमच्या मराठीत. "हाय की, मिरजेजवळ."

"ती रोज घाटात गाडी चालवती आसं समज. केलं आसतंस का नूतनीकरण?"

 ती हळूच म्हणाली, "आजी, कॉल रेकॉर्ड होतोय." आणि फोन ठेवला.

*

मी शब्द दिला होता. शोरूमवरनं आलो त्याच दिवशी भावजींनी हात पुढं केला आणि मी चावी दिली.

"वयनी, बटण मेलं, ठिपका मेला. आता पोरीच्या जिवावर जुगार न्हाई. दुसरा ड्रायव्हर बघू."

 शैलानं त्या संध्याकाळी गोठा दोनदा झाडला.

शुक्रवार उजाडला. दुसरा ड्रायव्हर मिळाला नव्हता. सकाळीच तात्या शाल गुंडाळून आले आणि गाडीत जाऊन बसले. भावजी म्हणाले, "तात्या, आज गाडी न्हाई."

"मग मी हितंच बसतो. सुजलो की दार उघडून काढा."

"आवं, दुसरा ड्रायव्हर येऊ द्या."

तात्या म्हणाले, "आबा, मागचा ड्रायव्हर वळणावर ब्रेक दाबायचा, माझा जीव तोंडात यायचा. ही दाबत न्हाई. मशीनवर रक्त धुतल्यावर माणसाचं अंग काचंसारखं झालेलं आसतंय. मला तुमची ऑर्डर नगं, हिचा हात पायजे."

शैलानं तेव्हा तोंड उघडलं. "मामा, कंपनी बघत न्हाई तर माणसं बघतील. फाट्यावरचा टपरीवाला, हेळवाकचा डेअरीवाला, पाटणचा टायरवाला, कराडला दवाखान्याच्या दारातली नारळवाली. गाडी दिसली की प्रत्येकानं आत्तींना एक मिस्ड कॉल द्यायचा. नाव वाचाया नगं, प्रत्येकाची रिंग येगळी लावून देते."

भावजी म्हणाले, "ह्यो बंदोबस्त? टपरीवाल्यांच्या जिवावर?"

"मामा, कंपनीवाला कुठं ऱ्हातो, ठावं हाय का तुमाला? टपरीवाल्याचं घर तरी ठावं हाय."

भावजींनी चावी दिली, पण एका खेपेपुरती. संध्याकाळी परत घेतली. मंगळवारी परत मागायची, परत द्यायची. दर खेपेला शैला हात पुढं करून उभी राहायची आणि भावजी आभाळाकडं बघत चावी ठेवायचे.

रिंगा मला आठवड्यात पाठ झाल्या. टपरी म्हंजे भजन, डेअरी म्हंजे हलगी, टायरवाला म्हंजे लग्नातला बँड, नारळवाली म्हंजे कोंबडा. विलासचा फोन आला की मी सांगायची, "बँड वाजला रं, पाटण गेलं!"

एकदा सकाळी बँड वाजला. मी बाहेर बघितलं तर गाडी अजून दारातच, शैला काच पुसतेय! मी टायरवाल्याला फोन केला. "आरं, गाडी हितं हाय, आनि तुज्याकडं पोचली कशी?"

तो म्हणाला, "काकू, पांढरी दिसली की देतोच. दहा चुकीचे गेले तरी चालंल, आपला एक ऱ्हायाला नगं!"

*

हे श्रावणातलं. चार दिवस झड लागलेली, धुकं एवढं की अंगणातली तुळस दिसेना. तात्यांचा शुक्रवार. भावजींनी चावी देताना पहिल्यांदाच हात मागं घेतला. तात्यांनी आपली सुजलेली पावलं पुढं केली. भावजींनी चावी दिली.

गाडी उतरली. मी भाताला आधण ठेवलं.

आधण आलं, टपरी वाजली नाही. तांदूळ टाकले, वाजली नाही. भात करपल्याचा वास आला तेव्हा कळलं, की मी चुलीसमोर नुसती बसलेय. मी टपरीवाल्याला फोन लावला. म्हणाला, "काकू, गाडी आली न्हाई. आनि वरनं दगड गडगडल्याचा आवाज आला मगाशी."

तेवढ्यात विलासचा फोन. "आई, कुठवर गेली?"

मी म्हटलं, "फाटा गेला." लेकाशी खोटं बोलले. 

भावजी दारात उभे होते, त्यांनी ऐकलं.  फौजेतला रेनकोट चढवला, ट्रंकेतनं शिट्टी काढली, गळ्यात अडकवली आणि धुक्यात उतरले. चार पावलं गेले नि दिसेनासे झाले.

पुढचं मला नंतर कळलं, पण तुम्हाला आधीच सांगते. चौथ्या वळणाच्या पुढं दरड कोसळली होती, गाडीच्या तोंडासमोर दहा हातांवर. पुढं वाट नाही. गाडी वळवावी तर रस्ता तेवढा रुंद नाही, आणि दरीकडची कड पावसानं सुटत चाललेली. उभं राहावं तर वरनं दगड येतायत. खालच्या बाजूनं सलीम तासगावहून परत येत होते, ते दरडीपाशी अडकलेले. त्यांनी आणि दोन गड्यांनी तात्यांना खांद्यावर घेऊन दगडांवरनं पलीकडं काढलं आणि आपल्या गाडीतनं कराडला नेलं. तात्या वाचले. शैला त्यांच्याबरोबर गेली नाही. "गाडी सोडून जात न्हाई," म्हणाली.

भावजी पोचले तेव्हा ती गाडीत एकटी, इंजिन चालू, दोन्ही हात ष्टेरिंगवर. आता एकच उपाय होता. गाडी उलटी, मागं मागं, चार वळणं चढवत घरी आणायची. धुक्यात मागच्या काचेत काही दिसत नाही.

फौजेत भावजी पहाडात ट्रकांच्या मागं उभे राहून त्यांना वाट दाखवायचे. पण ते ट्रक, आणि ते जवान. इथं घरची पोर. ते गाडीच्या मागं उभे राहिले, दरीच्या बाजूला, आणि शिट्टी वाजवली.

मी अंगणात उभी. मला काहीच दिसत नव्हतं. मग धुक्यातनं शिट्टी आली. थांबली. मग भावजींचा आवाज, "आने दे... आने दे... आने दे... बस्स!" परत शिट्टी. परत थांबली. ती थांबायची ना, तेवढा वेळ मी श्वास घेत नव्हते. जुबेदानं माझा हात धरला होता, तिची नखं अजून माझ्या मनगटावर आहेत. किती वेळ गेला सांगता येत नाही. एकदा नुसतंच इंजिन ओरडलं, दगड खाली गेल्याचा आवाज आला, आणि शिट्टी वाजलीच नाही.

मग वाजली.

आधी मागचे दोन लाल दिवे दिसले. मग रेनकोट. भावजी उलटं चालत येत होते, गाडीकडं तोंड करून, दोन्ही हात वर. त्यांची पाठ आमच्या तुळशीला लागली तेव्हा त्यांना कळलं, की घर आलंय.

शैला उतरली. हात धुतले, पायावर पाणी घेतलं आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.  भावजी ओट्यावर बसले, बूटही काढले नाहीत. शिट्टी अजून ओठात. 

तेवढ्यात विलासचा फोन. टपरीवाल्याकडनं त्याला सगळं कळलं होतं. मी बोलायच्या आत भावजींनी फोन ओढून घेतला. विलास एवढ्या मोठ्यानं बोलत होता, की मला तिकडचं सगळं ऐकू येत होतं.

"आबा, शैला कुठाय? पोचली का घरी?"

भावजींनी ओठातली शिट्टी काढली. आत चुलीपुढं बसलेल्या शैलाकडं बघितलं. आणि म्हणाले, "ती कवाच पोचली रं. मीच अजून चौथ्या वळणावर हाय. तिला म्हणावं, च्या झाला की मला न्यायला ये."